अपिलाचा कागद

आमच्या वस्तीत कोर्टाचा कागद आला की तो वाचून दाखवणारा माणूस शोधावा लागे. 'वरच्या कोर्टात जाऊ' एवढ्या शब्दांवर लोक धीर धरत. पण वरचे कोर्ट नेमके काय पाहते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मला ते पुढे अमेरिकेतल्या स्कॉट्सबरो खटल्याने शिकवले.

२५ मार्च १९३१ रोजी अलाबामात मालगाडीतून चाललेल्या नऊ काळ्या पोरांना पकडण्यात आले. दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप होता. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच आठ जणांना मृत्युदंड झाला. न्यायाधीशाने गावातले सगळेच वकील पोरांसाठी नेमले होते. म्हणजे खरे तर कुणीच नेमला नव्हता. १९३२ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती याच मुद्द्यावर. पोरे निर्दोष आहेत असे ते म्हणाले नाही; त्यांना खराखुरा वकील मिळाला नाही, असे म्हणाले.

१९३३ च्या फेरसुनावणीत सॅम्युएल लीबोविट्झ उभे राहिले. ज्यूरीच्या यादीत काळा माणूस कधीच का नसतो, हा प्रश्न त्यांनी साक्षीपुराव्यासह नोंदवून घेतला. दोघींपैकी एकीने आपली जबानी फिरवली. तरी गोऱ्या ज्यूरीने पुन्हा मृत्युदंडच दिला. हरकत फेटाळली गेली खरी, पण ती कागदावर राहिली. १९३५ साली तीच नोंद सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. यादीत काळ्यांची नावे मागाहून घुसडली आहेत, असे लीबोविट्झ म्हणाले, तेव्हा न्यायमूर्तींनी ती यादी भिंगातून पाहिली. शिक्षा पुन्हा रद्द झाली.

म्हणून पोरे सुटली काय? नाही. १९३७ साली चौघांवरचे आरोप काढून घेतले; बाकीचे वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले. क्लॅरेन्स नॉरिसला माफी मिळाली ती १९७६ साली. अपील जिंकल्याने समाजाचे मन बदलत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

तरीही कार्यकर्त्यांनी यातून एक गोष्ट उचलावी. वरचे कोर्ट, अपवाद सोडता, नवी साक्ष ऐकत नाही. खाली जे लिहिले गेले ते वाचते. आपला माणूस आरोपी असो वा फिर्यादी, फिर्यादीत जातीचा उल्लेख उतरला का, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे आले का, घेतलेली हरकत नोंदली गेली का, हे पहिल्याच दिवशी पाहिले पाहिजे. शिकलेल्या पहिल्या पिढीने वस्तीचे निदान एवढे देणे तरी फेडावे. जे खाली लिहिले गेले नाही, ते वर कितीही ओरडून सांगितले तरी वाचणार कोण?