सोन्याचा पूल आणि आपले बिनपाटीचे पूल

कयाधूला पूर आला की आपल्याकडं पुलावर पाणी बघायला गर्दी होते. मीही जातो. पण हल्ली पाण्यापेक्षा कठड्याकडंच लक्ष जातं. हा पूल बांधला कधी, शेवटचा तपासला कधी, कुठं लिहिलंय का?

म्हणून आज भरूचच्या पुलाची गोष्ट. लांबची आहे, पण तेव्हा भरूच मुंबई इलाख्यातच होतं. नर्मदेवरच्या रेल्वेच्या पहिल्या पुलाचे महापुरांनी हाल केले. दुरुस्तीवर एवढा पैसा गेला की लोक म्हणायचे, इतक्यात सोन्याचा पूल झाला असता. 1877 ला नवं काम सुरू झालं आणि 1881 च्या मे महिन्यात लोखंडी पूल उभा राहिला. लांबी 1.4 किलोमीटर, खर्च 45 लाखांच्या वर. नाव पडलं गोल्डन ब्रिज. सोनं गुंजभर नाही! हिंगोलीत रेल्वे यायला 1912 उजाडलं, तेव्हा हा पूल तिशी ओलांडून गेला होता.

1935 ला शेजारी रेल्वेचा सिल्व्हर ज्युबिली पूल झाला. मग जुना पूल रस्त्याच्या वाट्याला आला आणि भरूच-अंकलेश्वरची रहदारी त्यानं कित्येक दशकं वाहिली. 2021 ला चौपदरी नर्मदा मैय्या पूल सुरू झाला, तेव्हा कुठं त्याच्यावरचा भार उतरला.

एवढा टिकला कसा? असा पूल म्हणजे त्रिकोणांची जाळी. डुगडुगणाऱ्या बाजेला तिरपी पट्टी ठोकली की ती गप्प होते ना, तेच इथं. वजन आलं की काही दांड्या दाबल्या जातात, काही ताणल्या जातात, पण त्रिकोण आकार सोडत नाही. आणखी एक, मला तर हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. लोखंडाचा गंज उघड्यावर दिसतो. खरवडता येतो, रंग देता येतो, सडलेली पट्टी बदलता येते. काँक्रीटमधली सळई आतल्या आत गंजते आणि वरून गिलावा चकाचक.

त्याच गुजरातेत महीसागर नदीवरचा गंभीरा पूल 1985 चा, म्हणजे भरूचच्या पुलाचा पणतू शोभावा. 9 जुलै 2025 ला भर सकाळी तो तुटला, गाड्या नदीत गेल्या, माणसं मेली. आपल्या महाडचा सावित्रीवरचा 1928 चा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री गेला, दोन एसट्या घेऊन. तेव्हा 'ब्रिटिशकालीन होता' एवढंच म्हणून मोकळे होऊ नका राव. 1881 चा उभा राहतो आणि 1985 चा पडतो, मग वयावर खापर कसं फोडायचं?

आपल्या जिल्ह्यात कयाधू, पूर्णा, पैनगंगा. उसाच्या ट्रॉल्या, वाळूचे टिप्पर, सगळं या पुलांवरूनच. प्रत्येक पुलावर तीन ओळींची पाटी हवी: बांधल्याचं साल, शेवटच्या तपासणीची तारीख, किती टन चालतं. माहिती अधिकारात अर्ज लिहायला घेतलाय. तुमच्या गावच्या पुलावर साल कोरलेला दगड असेल तर फोटो टाका, अर्जाला जोडतो.