खाडीकाठचे कोट : दुर्गाडी आणि ठाणे

ठाणे जिल्ह्यातील जुन्या किल्ल्यांपैकी बरेच किल्ले उघड्या समुद्रावर नसून खाड्यांच्या काठी आहेत, आणि त्यांचे महत्त्व तटाच्या उंचीवरून नव्हे, तर त्यांच्या माऱ्यात येणाऱ्या पाण्यावरून ठरते. राजमाचीच्या डोंगराळ परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर, अंबरनाथ या गावांवरून कल्याणला येते, तेथे भरती-ओहोटीचे पाणी तिला भेटते आणि पुढे ठाण्याच्या उत्तरेस तिचे दोन फाटे होतात. मुख्य फाटा घोडबंदरवरून वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो, तर दुसरा अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराकडे उतरतो. कल्याणचा दुर्गाडी किल्ला, ठाण्याचा कोट, घोडबंदर आणि मुखावरचा वसईचा किल्ला ही या एकाच जलमार्गावरील ठाणी होत. त्यांपैकी कोणतेही एक ठाणे सुटे पाहिले, तर ते तेथेच का उभारले गेले याचे उत्तर मिळत नाही.

कल्याणचे बंदर किल्ल्याहून कितीतरी जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख असून, थोरल्या सारगनच्या काळी ते रीतसर व्यापारी बंदर होते, पण पुढे संदनेसाच्या अमलात तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात सांगितले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख सापडतात, आणि सहाव्या शतकातील कॉस्मस या व्यापाऱ्याने येथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचे नोंदवले आहे. या भरभराटीचे कारण भूगोलात आहे. जुन्नर व पैठणकडील माल नाणेघाट उतरून खाली आला, की त्याला समुद्रावर नेणारे, वादळवाऱ्यापासून सुरक्षित असे पाणी कल्याणलाच मिळत असे.

या बंदराला आरमारी अर्थ प्राप्त झाला तो सतराव्या शतकात. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांच्या फौजेने आदिलशाहीकडून कल्याण आणि भिवंडी घेतली. या प्रसंगाशी जोडली गेलेली कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिला समकालीन कागदांचा आधार नाही. त्याच वेळी घडलेली आणि कागदांनी सिद्ध होणारी दुसरी गोष्ट मात्र लोकांच्या स्मरणात पुरेशी उतरलेली नाही, ती म्हणजे कल्याणच्या खाडीत सुरू झालेली जहाजबांधणी. कोकणातील सागवान, खाडीचे शांत पाणी आणि नौकानयनात मुरलेली किनाऱ्यावरची माणसे या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या होत्या. उणीव होती ती तोफा वाहणाऱ्या लढाऊ गलबतांचा आराखडा व बांधणी जाणणाऱ्या कारागिरांची. ती भरून काढण्यासाठी रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज जहाजबांधणी करणाऱ्याला आणि त्याच्या मुलाला कामावर घेण्यात आले, आणि त्यांच्या हाताखाली तीनशेहून अधिक माणसे राबू लागली. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध वीस लढाऊ नौका उभ्या करण्याचा हा उद्योग होता.

पोर्तुगीजांना यातील धोका कळला तो याच जलमार्गामुळे. कल्याणला बांधलेले जहाज समुद्रावर न्यायचे, तर ते घोडबंदर आणि वसईच्या तोफांसमोरून न्यावे लागे, नाहीतर ठाण्याच्या खाडीतून, आणि तेव्हा हे दोन्ही मार्ग पोर्तुगीजांच्या हाती होते. १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी व्हियेगस बापलेकांना गुपचूप वळवले आणि ते आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेले. तरीही बांधणी थांबली नाही. जी कला उसनी घ्यावी लागली होती, ती अल्पावधीत स्थानिक सुतारांच्या हाती आली, आणि पुढील काही वर्षांत गुराबा (म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांच्या, पुढच्या भागी तोफा असलेल्या लढाऊ नौका) व गलबते (म्हणजे शिडांबरोबर वल्ह्यांनीही चालणाऱ्या हलक्या, चपळ नौका) यांचे आरमार मराठ्यांकडे उभे राहिले. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्याच्या आधीची ही हकिकत आहे. मराठी आरमाराचा इतिहास मालवणपासून सांगण्याची सवय पडली असली, तरी त्याचे पहिले पान कल्याणच्या चिखलात लिहिले गेले, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

दुर्गाडी किल्ल्याच्या उभारणीशी आबाजी महादेव यांचे नाव जोडले जाते, आणि पाया खोदताना धन सापडले, ते दुर्गादेवीची कृपा मानून किल्ल्याला हे नाव देण्यात आले, अशी परंपरा आहे. किल्ला आकाराने लहान आहे. गावाच्या वायव्येस खाडीला खेटून असलेल्या बुटक्या टेकडीवर तो उभा असून, गणेश दरवाजातून थोडे चढून गेले की माथ्यावरच्या देवीच्या देवळाशी पोहोचता येते. सह्याद्रीतील गडांची सवय झालेल्या पर्यटकाला ही चढण क्षुल्लक वाटते आणि तो पाच मिनिटांत पाठ फिरवतो. परंतु खाडीकडील बुरुजावर उभे राहिले की टेकडीची निवड समजते. भिवंडीकडून येणारा उतार, कल्याणचा धक्का आणि वळण घेऊन पश्चिमेकडे जाणारे पात्र हे सारे तेथून एका नजरेत येते, आणि धक्क्याला लागणारी किंवा तेथून सुटणारी कोणतीही नौका या तोफांच्या माऱ्यातून निसटणे अवघड होते. तट डोंगराच्या कड्यासारखा उंच असण्याची येथे गरजच नव्हती.

यानंतर कल्याण मोगल व मराठे यांच्यात अनेकदा हस्तांतरित झाले. १६८९ नंतर मातबरखान या मोगल सरदाराच्या अमलात गावाला दगडी कोट घालण्याचे काम चालले आणि १६९४ मध्ये ते पूर्ण झाले. या गावकोटाला चार दरवाजे व अकरा बुरूज होते. मातबरखानाची कबर शेणाळे तलावाजवळ आहे. कल्याणकर याच तलावाला काळा तलाव म्हणतात आणि त्याच्या काठी सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते.

पेशवाईत कल्याण व ठाणे एकाच माणसाच्या कर्तृत्वाने जोडली गेली, ते म्हणजे सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर. कल्याणमधील सुभेदार वाडा त्यांचा, आणि ठाण्यात मासुंदा तलावाकाठच्या कोपिनेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार सुमारे १७६० मध्ये त्यांनीच केला. सुभेदार वाड्याचा १८९५ पासून चालत आलेला सार्वजनिक गणेशोत्सव, १८६४ मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आणि १८६५ मध्ये याच गावी झालेला डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म या साऱ्यांवरून, बंदर मागे पडत असतानाही गावाचे सार्वजनिक जीवन किती सकस होते, याची कल्पना येते.

ठाण्याचा कोट पोर्तुगीजांनी १७३० च्या दशकात बांधायला घेतला, पण तो पुरा होण्याआधीच मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टीसह ठाणे घेतले. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी हल्ला करून तो जिंकला. या लढाईत त्यांचा आरमारी अधिकारी जॉन वॉटसन जखमी होऊन दगावला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली. त्याआधी मे १७८० मध्ये कल्याणही इंग्रजांनी घेतले होते. गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा ठपका असलेले त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या कोटात कैदेत होते आणि १२ सप्टेंबर १८१६ रोजी तेथून निसटले. बाहेर घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराने मराठी गाण्यांतून त्यांना सुटकेचा बेत कळवला, ही हकिकत १८२५ मध्ये ठाण्यास आलेल्या बिशप हेबर यांनी नोंदवली आहे. पुढे कोट तुरुंगच झाला आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना येथे फाशी देण्यात आले. आज त्याच तटांच्या आत मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे इतिहासाने इतका भरलेला हा कोट सामान्य पर्यटकाला रस्त्यावरूनच पाहावा लागतो.

खाडीचे महत्त्व संपवले ते शत्रूने नव्हे, रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. घाटावरून उतरणारा माल पडावात चढण्याऐवजी डब्यात चढू लागला, आणि खाडीला उरले मीठ, भात आणि पुढे रेती. मुंब्रा व डोंबिवलीकडील रेतीबंदर ही नावे त्या उत्तरकाळाची साक्ष देतात. किल्ल्यावरची वर्दळ मात्र नवरात्रात टिकून राहिली. नऊ दिवस दुर्गाडीच्या पायऱ्यांवर रांगा लागतात आणि शेजारच्या गणेश घाटावर भाद्रपदात विसर्जन होते, म्हणजे लोकांचा खाडीशी असलेला संबंध व्यापारातून उठून सणांत स्थिरावला.

अलीकडे तटाच्या डागडुजीची कामे निघाली आहेत, आणि नौदलातून निवृत्त झालेली ‘टी-८०’ ही नौका आरमारी संग्रहालयासाठी किल्ल्याच्या परिसरात आणली गेली आहे. ही निवड योग्यच आहे, पण केवळ नौका पाहून व देवीचे दर्शन घेऊन परतणाऱ्याला १६५९ चा प्रसंग कळणार नाही. त्यासाठी व्हियेगस बापलेक, त्यांच्या हाताखालचे सुतार, वसईचा अडथळा आणि खाडीचा मार्ग दाखवणारा नकाशा बुरुजावर, पाण्याकडे तोंड करून लावला गेला पाहिजे. त्याचबरोबर जुनी गोदी नेमकी कोठे होती, याचा शोध खाडीकाठच्या प्रत्येक नव्या भरावाआधी घेतला गेला पाहिजे, कारण तटाचा ढासळलेला दगड पुन्हा बसवता येतो, भरावाखाली गेलेला काठ मात्र परत मिळत नाही.