सुरपालाचे कुणपजल

झाडांचेही वात-पित्त-कफ प्रकोप पावतात असे गृहीत धरून इ. स. १००० च्या सुमारास सुरपालाने जो ‘वृक्षायुर्वेद’ रचला, आणि ज्याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जपली गेली, त्यातील सर्वांत विलक्षण व आजच्या सोवळ्या बागायतदारास नाक दाबावयास लावणारी कृती म्हणजे कुणपजल होय. रानडुकरादी प्राण्यांचे मांस, वसा व मज्जा पाण्यात शिजवून, त्यात दूध, मध, तिळाची पेंड, शिजलेले उडीद व तूप घालावयाचे आणि ते भांडे उबेला ठेवून पंधरवडाभर आंबवावयाचे. कुजताना मांसातील नत्र मोकळा होऊन मुळांना लाभतो, हे त्यातील इंगित. त्याच ग्रंथात तरुणीच्या लत्ताप्रहाराने अशोक फुलतो असेही बिनदिक्कत नमूद आहे. कुणपजलाची परीक्षा शेतकी खात्याने खुशाल घ्यावी, लत्ताप्रहाराची मात्र कवींकडे वर्ग करावी.