बिनतारी माइकची वहिवाट

रत्नागिरी जिल्ह्यात नमन असो, जाखडी असो, संगीत नाटक असो की कीर्तन, ध्वनिव्यवस्था सांभाळणारा माणूस ज्या वस्तूला 'कॉर्डलेस' म्हणतो ती वस्तू माइक तर असतेच, पण त्याचबरोबर ते एक चिमुकले नभोवाणी केंद्रही असते. गायकाच्या तोंडासमोरच्या पडद्याची थरथर विजेच्या स्पंदनांत बदलते, ती स्पंदने एका रेडिओलहरीवर चढवली जातात, माइकच्या दांड्यातला किंवा नटाच्या कमरेला बांधलेल्या डबीतला प्रक्षेपक ती लहर हवेत सोडतो आणि रंगमंचाच्या कडेला ठेवलेला ग्राहक ती पकडून तिच्यावरचा आवाज पुन्हा उतरवून घेतो. लहर एका सेकंदात जितक्या वेळा कंप पावते त्या संख्येला वारंवारता म्हणतात आणि दहा लाख कंपनांना एक मेगाहर्ट्झ. एका परिसरात एका वेळी एका वारंवारतेवर एकच बोलणारा नांदू शकतो; दुसरा आला की दोघांचेही बोलणे बिघडते. म्हणूनच माइकसाठी वारंवारता निवडणे हा प्रश्न तंत्राचा आहे तितकाच हक्काचाही आहे आणि हा हक्काचा प्रश्न त्या वस्तूच्या जन्मापासून तिला चिकटलेला आहे.

तार नकोशी का झाली, हे समजून घेण्यासाठी जाखडीचा फेर पाहावा. गायक आणि ढोलकीवाला मध्यभागी बसतात आणि पायात चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. माइक हवा असतो तो मध्यभागी, म्हणजे त्याची तार एकतर नाचणाऱ्यांच्या पायांखालून जायला हवी किंवा मांडवाच्या आढ्यावरून खाली सोडायला हवी. पायांखालची तार चाळांत अडकते, आणि वरून टांगलेला माइक बसलेल्या गायकाच्या तोंडापासून हातभर तरी दूर राहतो, त्यामुळे ढोलकी जास्त व शब्द कमी ऐकू येतात. शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जबाबात शब्दच हरवले तर उरते काय? संगीत नाटकाची अडचण निराळी होती. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते, 'संगीत उःशाप' हे नाटक याच काळातले, आणि तेव्हाचा नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची तालीम करूनच रंगमंचावर येत असे. ती तालीम मागे पडत गेली आणि प्रेक्षकांच्या कानांना वाढवलेल्या आवाजाची सवय झाली, तेव्हा टांगलेल्या माइकखाली येऊनच गायचे असे बंधन नटाच्या हालचालींवर पडले. तार तोडण्याची गरज ही अशी खऱ्याखुऱ्या अडचणींतून आली.

ती तोडण्याचा एक आद्य प्रयोग १९४९ च्या सप्टेंबर महिन्यात इंग्लंडमधील ब्रायटन येथे झाला. बर्फावर घसरत सादर करायच्या 'अलादीन ऑन आइस' या खेळात रेज मूर्स या ध्वनितंत्रज्ञाने अबनाझर या पात्राच्या पोशाखात स्वतः बनवलेला छोटा प्रक्षेपक दडवला आणि तो उत्तम चालला. तरीही मूर्सने त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले नाही, कारण त्याने वापरलेली ७६ मेगाहर्ट्झची वारंवारता वापरण्याचा अधिकार त्याला नव्हता. एकस्व मागायचे तर बेकायदा प्रक्षेपणाची कबुली कागदावर द्यावी लागली असती. निर्मात्यांनीही तो मार्ग सोडून दिला आणि पडद्याआडून दुसऱ्याच कलावंतांचा आवाज देण्याची जुनी पद्धत चालू ठेवली. १९७२ मध्ये मूर्सने तो संच लंडनच्या सायन्स म्युझियमला दिला. या वस्तूच्या इतिहासात पहिल्याच पानावर परवान्याची अडचण लिहिलेली आहे, ही बाब ध्वनिक्षेत्रातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढची वाटचाल वेगाने झाली. १९५३ मध्ये अमेरिकेतील शुअर कंपनीचा 'व्हॅगाबाँड' बाजारात आला. १९५७ मध्ये जर्मनीतील सेनहायझर कंपनीने उत्तर जर्मन नभोवाणीच्या सहकार्याने आपला संच तयार केला आणि तो पुढे 'मिक्रोपोर्ट' या नावाने ओळखला गेला. १९६४ च्या 'माय फेअर लेडी' या चित्रपटात रेक्स हॅरिसनने गाणी चित्रीकरणाच्या वेळीच म्हटली, ती कपड्यात दडवलेल्या बिनतारी माइकच्या आधारानेच.

भारतात ज्या कायद्यांच्या चौकटीत ही वस्तू आली ते कायदे तिच्यापेक्षा कितीतरी जुने आहेत. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारायंत्रे उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला, आणि १ जानेवारी १९३४ पासून लागू झालेल्या १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते बाळगण्यालाही मनाई केली. बाळगणे हा शब्द येथे महत्त्वाचा आहे: यंत्र चालू आहे की पेटीत बंद आहे, हा प्रश्नच या कायद्यापुढे येत नाही. वारंवारतांचे वाटप पाहण्यासाठी १९५२ मध्ये केंद्र सरकारने बिनतारी नियोजन व समन्वय शाखा स्थापन केली. ध्वनिव्यवसायात ती 'डब्ल्यूपीसी' या अक्षरांनीच ओळखली जाते. कोणता पट्टा कोणाच्या कामासाठी, हे ठरवणारा राष्ट्रीय वारंवारता वाटप आराखडा वेळोवेळी नव्याने निघतो आणि २०२२ मध्येही तो सुधारून निघाला. १८८५ आणि १९३३ च्या या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मूळ तत्त्व मात्र बदललेले नाही: जी वारंवारता नियमाने खुली केलेली नाही, तिच्यासाठी परवाना लागतो.

असे असताना माइक राहिला कोठे? तो राहिला दूरचित्रवाणीच्या जमिनीवर, कूळ म्हणून. कोकणातल्या वाचकाला हे नाते उलगडून सांगावे लागत नाही. जमीन खोताची आणि कसणारा कूळ, ही रत्नागिरी जिल्ह्याची कित्येक पिढ्यांची व्यवस्था होती. ती मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, पुढे १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा केला. दूरचित्रवाणीच्या पट्ट्यात रिकामी जागा राहत असे, तिचे कारण तांत्रिक होते. एका वाहिनीला अतिउच्च वारंवारतेच्या पट्ट्यात ८ मेगाहर्ट्झ रुंदीचे दालन लागे, आणि शेजारच्या गावांतल्या प्रक्षेपकांची चित्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जवळजवळच्या प्रक्षेपकांना एकच दालन देता येत नसे. साहजिकच प्रत्येक गावात काही दालने मोकळी राहत. माइकला जागा लागते जेमतेम २०० किलोहर्ट्झ, म्हणजे एका दालनाचा चाळिसावा हिस्सा, आणि त्याची शक्तीही मिलिवॅटमध्ये मोजण्याइतकी अल्प. मोकळ्या दालनात तो कोणालाही न दुखवता नांदला. अशा वापराला रेडिओ-नियमांत दुय्यम सेवा अशी संज्ञा आहे: दुय्यम सेवेने मुख्य सेवेला उपद्रव द्यायचा नाही, आणि मुख्य सेवेने तिला उपद्रव दिला तर तक्रार करायची नाही. जमिनीचे कूळ पुढे मालक झाले. माइकची वहिवाट सातबाऱ्यावर कधीच चढली नाही.

त्याची किंमत जमीन विकली गेली तेव्हा मोजावी लागली. दूरचित्रवाणी अंकीय झाल्यावर तीच वाहिनी कमी जागेत मावू लागली आणि सुटलेली जागा जगभर मोबाइल सेवांकडे गेली. अमेरिकेत १२ जून २०१० नंतर ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बिनतारी माइक वापरण्यास बंदी झाली. ब्रिटनमध्ये माइकसाठी देशभर ठरलेले ६९ क्रमांकाचे दालन काढून त्याऐवजी ३८ क्रमांकाचे, म्हणजे ६०६ ते ६१४ मेगाहर्ट्झचे, देण्यात आले. भारतात दूरदर्शनचे बहुतेक जुने प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद झाले, आणि त्याच वर्षी जुलै अखेर सुरू होऊन १ ऑगस्टला संपलेल्या लिलावात रिलायन्स जिओने ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा देशातील सर्व २२ परिमंडळांसाठी घेतला. या पट्ट्याची रचना अशी की ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ हा भाग हातातल्या फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरींसाठी आहे आणि ७५८ ते ८०३ हा भाग मनोऱ्याकडून फोनकडे येणाऱ्या लहरींसाठी. त्यामुळे ७६० च्या आसपास चालणारा एखादा जुना संच, मग तो आखातातून परतलेल्या नातेवाइकाने आणलेला असो की मुंबईत जुन्या बाजारात स्वस्तात घेतलेला, मनोऱ्याच्या परिसरात खरखरतो तेव्हा बिघाड संचात नसतो. संच दुसऱ्याच्या जागेत उभा असतो. त्याच लिलावात ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला एकही बोली आली नाही, पण तो विक्रीला निघाला होता, हे विसरून नवा संच घेणे शहाणपणाचे नाही.

परवान्याशिवाय चालणारी जागा भारतात आहे, पण ती आखूड आहे. २००५ च्या जानेवारीत निघालेल्या अधिसूचनेने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत खुला केला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा १ वॅटपर्यंतच्या प्रक्षेपकांना, २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या अटीवर, मोकळा झाला. २०२१ मध्ये त्याची वरची हद्द ८६८ पर्यंत गेली. परवाना लागत नसला तरी यंत्राच्या प्रकाराला शासकीय मान्यता असावी लागते, आणि ती विक्रेत्याकडे मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. येथे एक बारीक खाच आहे. युरोपात ८६३ ते ८६५ हा पट्टा माइकसाठी मुक्त आहे, म्हणून तिकडचे अनेक संच नेमके तेथे चालतात. भारताची मुक्त हद्द मात्र ८६५ लाच सुरू होते. लंडनला निर्धास्त वापरलेला संच त्यामुळे रत्नागिरीत कुंपणाच्या पलीकडे पडतो.

२४०० च्या पट्ट्यालाही त्याची दुखणी आहेत. तेथे लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, ६०० च्या पट्ट्यात ती अर्धा मीटर असते. लांबी जितकी कमी तितकी ती माणसांच्या गर्दीत लवकर अडते, कारण शरीरातले पाणी तिला शोषून घेते. शिवाय प्रेक्षकांच्या खिशातले फोन, त्यांचे वाय-फाय आणि ब्लूटूथ सारे त्याच आवारात असतात. दुपारी रिकाम्या मैदानात स्वच्छ वाजलेला माइक रात्री भरल्या मांडवात अडखळतो तो यामुळेच. दोनचार माइकांच्या कीर्तनाला किंवा व्याख्यानाला हा पट्टा पुरेसा आहे. पंधरा-वीस कॉलर माइकांच्या नाट्यप्रयोगाला नाही, आणि तेवढ्यांसाठी डब्ल्यूपीसीच्या परवान्याचा मार्ग धरणेच योग्य. हौशी मंडळांनाही तो मार्ग सुलभ व्हायला हवा, कारण कोकणातली लोककला आता याच यंत्रांवर ऐकली जाते.

समुद्रकाठच्या रत्नागिरीत नियमाला आणखी एक अर्थ आहे. मिरकरवाडा बंदरातून निघणाऱ्या नौकांसाठी संकटसमयीची हाक १५६.८ मेगाहर्ट्झवर, सागरी १६ क्रमांकाच्या वाहिनीवर, दिली जाते. येथील धावपट्टीवर तटरक्षक दलाची विमाने उतरतात आणि विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा एफएम नभोवाणीच्या डोक्यावर, १०८ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होतो. एफएमवर बोलणारे स्वस्त, निकृष्ट बांधणीचे खेळण्यातले माइक आपल्या नेमलेल्या जागी स्थिर राहत नाहीत. शंभर रुपयांच्या वस्तूची लहर वैमानिकाच्या यंत्रात शिरणे ही कल्पनाही अस्वस्थ करणारी आहे.

कायदेशीर पट्टा मिळाल्यावरही निवड संपत नाही. दोन प्रक्षेपक जवळ आले की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून नव्या लहरी जन्माला घालतात. एकीच्या दुपटीतून दुसरी वजा केली की त्यांची जागा कळते. ८६५.२ आणि ८६५.६ या दोन वारंवारतांपासून ८६४.८ आणि ८६६.० येथे अशी पिल्ले होतात. म्हणून सारखे अंतर ठेवून तिसरा माइक ८६६.० वर लावला, तर तो पहिल्या दोघांच्या पिल्लावरच बसतो, ८६६.४ वर लावला तर सुटतो. समान अंतर डोळ्यांना नीटनेटके दिसते आणि कानाला तेच सर्वांत घातक ठरते. थिबा राजवाड्याच्या आवारात जानेवारीच्या थंडीत उघड्यावर होणाऱ्या आर्ट सर्कलच्या संगीत महोत्सवासारख्या कार्यक्रमात किंवा सावरकर नाट्यगृहातल्या प्रयोगात ही पारख प्रेक्षक बसल्यानंतर पुन्हा एकदा करावी लागते: सर्व माइक चालू करायचे, मग त्यातला एक बंद करून त्याचा ग्राहक तसाच चालू ठेवायचा, आणि त्याच्यावरचा लहर आल्याचा दिवा पाहायचा. दिवा विझला तर ती जागा मोकळी आहे. माइक बंद असतानाही दिवा पेटलेलाच राहिला, तर तेथे दुसरे कोणीतरी आधीच बोलत आहे, आणि तिसरी घंटा होण्यापूर्वी त्या माइकसाठी नवी जागा शोधायची असते.