मोर्णेचे पूर आणि अकोल्याचा जलनिचरा

अकोला शहर मोर्णा नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. पश्चिमेस असदगड आणि जुने शहर, पूर्वेस ताजनापेठ आणि कचेऱ्या. मोर्णा दक्षिणेस पातूरकडच्या डोंगरांतून उतरते, शहर ओलांडते आणि उत्तरेस पूर्णेला मिळते. पूर्णा पुढे तापीला. वार्षिक पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. वर्षाचे बहुतेक महिने पात्रात गाळ, सांडपाणी आणि जलकुंभीच असते, म्हणून नदीचे भय कोणी बाळगत नाही.

पुराचे मूळ वर्षभराच्या पावसात नाही, काही तासांच्या पावसात आहे. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिले पाणी त्या भेगा गिळतात. पण माती फुगून भेगा मिटल्या की ती पाणी जवळजवळ आत घेतच नाही आणि पुढची सर सरळ नाल्याला लागते. डोंगरउतारावरून आलेला लोंढा पूर्णेच्या सपाट खोऱ्यात मंदावतो, पसरतो. मोर्णा फुगली की शहरातल्या नाल्यांची तोंडे दबतात, पाणी मागे फिरते. नदीपासून दूरच्या घरात नाल्यावाटे पाणी शिरते ते या फुगवट्याने. नाल्यात प्लास्टिक आणि गाळ असला तर फुगवट्याचीही वाट पाहावी लागत नाही.

21 जुलै 2021 च्या रात्री हेच झाले. चोवीस तासांत अकोल्यात 200 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा एका दिवसात. सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा प्रत्येक पावसाला लोक ‘ढगफुटी’ म्हणतात. हवामानशास्त्रात मात्र एका तासात, छोट्या क्षेत्रात 100 मिलिमीटर पडला तरच तो शब्द लागू होतो. दोष ढगावर ढकलायला तो सोयीचा, एवढेच.

नदीकाठच्या बांधकामासाठी पाटबंधारे खाते दोन पूररेषा आखते : साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मधे नियंत्रित. रेषांखेरीज पात्राच्या सफाईचेही प्रयत्न झाले : 13 जानेवारी 2018 रोजी सुरू झालेल्या मोर्णा स्वच्छता मोहिमेत हजारो नागरिकांनी पात्रातली जलकुंभी उपसली. काम मोलाचे, पण सांडपाणी येत राहिले तर जलकुंभीही परत येते, आणि बुजलेले नाले जलकुंभी उपसून मोकळे होत नाहीत.

वऱ्हाडातल्याच अमरावतीची रचना वेगळी. तिथे नदी नाही, अंबा नाला आहे. वडाळी आणि छत्री तलावांमागे पोहऱ्याचे डोंगर आणि खाली दाट वस्ती. उत्तरेस गाविलगडाच्या पायथ्याशी उतार आणखी तीव्र आहे : चिखलदरा 1,100 मीटरवर, तर अचलपूर-परतवाडा त्याच्या कितीतरी खाली, सापन आणि बिच्छन नद्यांकाठी. तिथल्या बझाड्यात, म्हणजे डोंगरपायथ्याच्या वाळू-गोट्यांच्या पट्ट्यात, बरेच पाणी मुरते. काळ्या मातीला ते जमत नाही.