बर्फात घालून आणलेला मासा

२१ जानेवारी १८६४ रोजी 'नॉरफोक' नावाचं शिडाचं जहाज लंडनहून मेलबर्नला निघालं. त्याच्या पोटात खास बांधलेलं एक बर्फघर होतं आणि त्या बर्फात १८१ लाकडी पेट्या पुरलेल्या होत्या. पेट्यांमध्ये ओल्या शेवाळात माशांची जिवंत अंडी होती. लाखाच्या आसपास अंडी सॅमनची, आणि ऐनवेळी भर म्हणून टाकलेली सुमारे तीन हजार अंडी ट्राउटची. त्यांना पोचायचं होतं टास्मानियाला, म्हणजे विषुववृत्त ओलांडून पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला.

आज काश्मीरच्या लिद्दर नदीत कुणी गळ टाकून बसलेला दिसतो, मुन्नारच्या हॉटेलात मेन्यूकार्डवर ट्राउट दिसतो, तेव्हा हा मासा तिथलाच असेल असं आपण धरून चालतो. पण ट्राउट मूळचा भारतातला नाही. दक्षिण गोलार्धातल्या नद्यांमध्ये तर ट्राउट-सॅमनच्या कुळातला एकही मासा निसर्गतः नव्हता. टास्मानियात, न्यूझीलंडमध्ये थंडगार नद्या होत्या, पण मधला उष्ण पट्टा या माशासाठी एखाद्या भिंतीसारखा होता. ही भिंत माणसाने बर्फ वापरून ओलांडली. म्हणून ट्राउटच्या मासेमारीचा इतिहास एका अर्थाने तापमानाचा इतिहास आहे.

अंड्यांचं घड्याळ

पिल्लं मोठी करून जहाजातून नेणं अशक्य होतं. त्यांना सतत वाहतं, थंड पाणी लागतं. म्हणून अंडी न्यायची. पण अंडी थांबत नाहीत, आत पिल्लू वाढत राहतं. मत्स्यबीज केंद्रांत आजही एक सोपा हिशेब वापरतात : पाण्याचं तापमान गुणिले दिवस. तपकिरी ट्राउटच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला अशा गुणाकाराचे साधारण ४०० ते ४५० 'अंश-दिवस' लागतात. १० अंश सेल्सियसच्या पाण्यात चाळीस-पंचेचाळीस दिवस, ५ अंशांत ऐंशी-नव्वद दिवस. हे गणित अगदी सरळ रेषेत चालत नाही, पण अंदाजाला पुरतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक अंड्यात एक काउंटर आहे आणि त्याचा वेग बाहेरचं तापमान ठरवतं.

आता जहाजाचा प्रवास बघा. मेलबर्नपर्यंत तीन महिन्यांच्या आसपास. पाणी १० अंशांवर ठेवलं तर पिल्लं भर समुद्रात बाहेर येणार आणि मरणार. विषुववृत्ताजवळच्या उष्ण पाण्यात तर अंडी तशीच मरणार. तेव्हा अंडी गोठणार नाहीत, पण काउंटर जवळजवळ थांबेल, एवढीच थंडी हवी होती. हे काम वितळणारा बर्फच करू शकतो, कारण तो असेपर्यंत तापमान शून्याच्या आसपास अडकून राहतं.

हे कळायला बरीच वर्षं गेली. १८५२ मध्ये पाठवलेली अंडी मेली. १८६० च्या खेपेत बर्फ वाटेतच संपला. १८६२ मध्ये 'ब्यूटिफुल स्टार' या बोटीतून नेलेली अंडीही गेली, पण त्यात एक गोष्ट लक्षात आली. वाहत्या पाण्याच्या तबकांतल्या अंड्यांपेक्षा एका छोट्या पेटीत, शेवाळात गुंडाळून थेट बर्फात ठेवलेली अंडी जास्त दिवस जगली होती. या सगळ्यामागे जेम्स यूल हा माणूस होता. टास्मानियातला जमीनदार, तेव्हा इंग्लंडमध्ये राहत होता. त्याने लंडनच्या वेनहॅम लेक आइस कंपनीच्या तळघरात अंडी बर्फात ठेवून पाहिली. काही महिन्यांनी पेट्या उघडल्या तरी त्यांतली बरीच जिवंत होती.

कंपनीच्या नावातलं वेनहॅम हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं तळं. त्याच भागातल्या तळ्यांवर हिवाळ्यात कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात भरून १८३३ मध्ये कोलकात्याला उतरला आणि मग मुंबईलाही येऊ लागला. मुंबईत त्यासाठी बर्फखाना बांधलेला होता. तिथे या बर्फाचं काम सरबत गार करणं हे होतं. जगभर बर्फ विकण्याचा धंदा आधीच उभा होता म्हणून यूलला त्याचा प्रयोग करता आला.

'नॉरफोक' १५ एप्रिलला मेलबर्नला पोचलं. तिथून दुसऱ्या जहाजाने पेट्या टास्मानियात, होबार्टजवळच्या प्लेंटी या गावी नेल्या. ४ मे १८६४ रोजी पहिलं ट्राउटचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. लंडन सोडल्यापासून १०४ दिवसांनी. उत्तरेतल्या हिवाळ्यात घातलेलं अंडं दक्षिणेतल्या शरद ऋतूत फुटलं, पाणी गार असतानाच.

सगळा खटाटोप सॅमनसाठी होता. सॅमनची पिल्लं वाढली, समुद्रात गेली आणि परत आलीच नाहीत. ट्राउटची जेमतेम तीनशे पिल्लं निघाली होती, ती मात्र टिकली. १८६७ पासून त्यांच्या वंशातली अंडी न्यूझीलंडला जाऊ लागली. आज जगभरचे गळवाले ट्राउटसाठी न्यूझीलंड गाठतात, त्या नद्यांमधल्या तपकिरी ट्राउटची सुरुवात अशी झाली.

ढग, वारा आणि खोटी माशी

अंड्यांना तापमान कळतं, मग मोठ्या माशाला हवामान कळतं का? हा प्रश्न गळवाल्यांनी फार आधीपासून विचारलेला आहे. गळाच्या मासेमारीवरचं इंग्रजीतलं पहिलं छापील लेखन १४९६ मधलं. त्यातही कोणत्या हवेत जावं, कोणत्या हवेत घरी बसावं याचा सल्ला आहे. ढगाळ, मंद वाऱ्याचा दिवस चांगला, कडक उन्हाचा वाईट. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनने लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकातही वाऱ्याच्या दिशांची चर्चा आहे. तेव्हा थर्मामीटर कुणाच्या खिशात नव्हता. निरीक्षण मात्र पिढ्यानपिढ्यांचं होतं, आणि त्यातलं बरंचसं आजही पटतं.

ढगाळ हवा घ्या. ट्राउट डोळ्यांनी शिकार करतो. प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून एका जागी तरंगत राहायचं आणि वाहत आलेला किडा टिपायचा, ही त्याची पद्धत. स्वच्छ उन्हात, नितळ पाण्यात त्याला काठावरचा माणूस दिसतो आणि बगळ्यालाही तो दिसतो. म्हणून तो दगडाखाली, सावलीत जातो. ढग आले की बाहेर येतो. शिवाय पाण्यातून बाहेर पडणाऱ्या काही जातींच्या माश्या नेमक्या दमट, ढगाळ दिवशी मोठ्या संख्येने निघतात. पंख वाळायला वेळ लागतो, तोवर त्या पाण्यावरच बसून वाहत राहतात. ट्राउटसाठी ही पंगतच. गळवाला पिसं आणि दोरा बांधून बनवतो ती खोटी माशी याच माश्यांची नक्कल असते.

वाऱ्याचंही तसंच. हलक्या वाऱ्याने पाण्यावर तरंग उठतात आणि माणसाची हालचाल लपते. काठच्या गवतातले किडे पाण्यात पडतात. जोराचा वारा आला की दोरीच नीट टाकता येत नाही. म्हणजे हवामानाचा निम्मा परिणाम माशावर होतो आणि निम्मा माणसावर.

पावसाचं गणित आपल्याकडच्यांना समजावून सांगायला नको. पहिल्या पावसाच्या लोंढ्यात चढणीचे मासे पकडायला कोकणात आणि घाटावर माणसं रात्री-बेरात्री बाहेर पडतात. ट्राउटच्या बाबतीत मात्र गढूळ लोंढा उपयोगाचा नाही, त्याला दिसत नाही. पाऊस थांबून पाणी निवळायला लागतं ती वेळ चांगली. पाण्यात खाणं भरपूर वाहून आलेलं असतं आणि हलकासा गढूळपणा माशाला आडोसा देतो.

एक समज मात्र हिशेबात बसत नाही. हवेचा दाब उतरला की मासे खातात, चढला की खात नाहीत, असं अनेक गळवाले सांगतात. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाएवढा, म्हणजे हजारएक मिलिबार. वादळ येताना हवेचा दाब समजा २० मिलिबारने उतरला, तर तो फरक २० सेंटिमीटर पाण्याएवढा झाला. वीतभर खाली-वर पोहलं तरी माशाला तेवढाच फरक जाणवतो, आणि तो दिवसभर खाली-वर पोहतच असतो. दाबासोबत ढग, वारा, पाऊस येतात. श्रेय बहुतेक त्यांचं असावं.

श्वास आणि पारा

या सगळ्याच्या खाली, रोजच्या हवेपेक्षा खोल असं एक कारण आहे : पाण्याचं तापमान. तपकिरी ट्राउट १३ अंशांच्या आसपास सर्वांत चांगला वाढतो. १९-२० अंशांच्या पुढे त्याचं खाणं जवळजवळ थांबतं. २५ अंशांच्या आसपास पाणी काही दिवस राहिलं तर तो मरतो.

याचं कारण श्वासात आहे. समुद्रसपाटीला १० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. २० अंशांना ९.१, २५ अंशांना ८.३. गरम पाण्यात प्राणवायू कमी, आणि त्याच वेळी गरम पाण्यामुळे माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. अशा वेळी गळाला लागून झुंजलेला ट्राउट परत पाण्यात सोडला तरी अनेकदा जगत नाही.

म्हणून अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एक नियम आहे. नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे २३ अंश सेल्सियसच्या जवळ पोचलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत तिथली मासेमारी बंद करता येते. पाणी दुपारनंतर सर्वांत गरम असतं म्हणून ही वेळ. सकाळी गळ टाका, दुपारी माशाला श्वास घेऊ द्या.

निलगिरी, काश्मीर, कुल्लू

हेच आकडे घेऊन भारताच्या नकाशाकडे बघा. सह्याद्रीत ट्राउट का नाही? कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, पण तिथे बारमाही थंड वाहणारी नदी नाही. निलगिरीत दोन हजार मीटरच्या वर पठार आहे आणि ओढे वर्षभर वाहतात. म्हणून १८६० च्या दशकात, म्हणजे 'नॉरफोक' निघालं त्याच सुमारास, मद्रास सैन्यातला डॉक्टर फ्रान्सिस डे तिथे ट्राउट आणण्याची खटपट करत होता. हाच डे पुढे भारतातल्या माशांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी ओळखला गेला. त्याची ट्राउटची अंडी मात्र जगली नाहीत. निलगिरीत अखेर यश आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एच. सी. विल्सन याच्या हाताखाली आणि वेगळ्या जातीला. इंद्रधनुषी ट्राउट तपकिरीपेक्षा किंचित गरम पाणी सोसतो. अ‍ॅव्हलांच इथल्या केंद्रातून तो निलगिरीच्या ओढ्यांत रुजला.

काश्मीरसाठी ड्यूक ऑफ बेडफर्डने १८९९ मध्ये अंडी भेट म्हणून पाठवली. ती मेली. दुसरी खेप स्कॉटलंडहून निघाली आणि डिसेंबर १९०० मध्ये श्रीनगरला जिवंत पोचली. हा महिना बघा. ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो, आणि पंजाबची मैदानं ओलांडायला वर्षातला तोच काळ सर्वांत कमी धोक्याचा. श्रीनगरमधला गालिचा कारखानदार फ्रँक मिचेल याने ती पिल्लं वाढवली आणि हारवनला मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं. १९०९ मध्ये काश्मीरहून अंडी कुल्लूला गेली आणि बियास नदीत ट्राउट आला.

या कथेची दुसरी बाजूही आहे. काश्मीरच्या नद्या रिकाम्या नव्हत्या. तिथे स्थानिक मासे होते आणि ते काश्मिरी माणसाच्या रोजच्या जेवणात होते. इंग्रज त्यांनाही 'स्नो ट्राउट' म्हणत, पण ते खरे कार्पच्या कुळातले. खाण्यासाठी आणि जागेसाठी तपकिरी ट्राउटशी स्पर्धा करताना अनेक ओढ्यांत ते मागे पडले. टास्मानियातल्या छोट्या स्थानिक माशांचीही तीच गत झाली. साहेबाच्या सुट्टीतल्या करमणुकीसाठी नद्यांची वस्ती बदलली गेली, ही गोष्ट इतिहासातून वगळता येणार नाही.

पण सव्वाशे वर्षांत ट्राउटचाही अर्थ बदलला. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाच्या मदतीने कोकरनागला मोठं ट्राउट केंद्र उभं राहिलं. आज काश्मीर आणि हिमाचलमध्ये अनेक कुटुंबं ओढ्याचं किंवा झऱ्याचं पाणी वळवून लांबट सिमेंटच्या हौदांत ट्राउट वाढवतात. त्यांच्यासाठी पाण्याचं तापमान म्हणजे घरखर्च. झऱ्याचं पाणी जमिनीतून येतं, त्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, म्हणून हौद झऱ्यांजवळ बांधतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, बर्फ अगदी कमी पडलेल्या हिवाळ्यानंतर, अनंतनागजवळचा अचबलचा झरा आटला. मुघल बागेला पाणी देणारा हाच झरा. तिथेही ट्राउटचं सरकारी केंद्र आहे. ५ जुलै २०२५ रोजी श्रीनगरमध्ये पारा ३७.४ अंशांवर गेला. सत्तर वर्षांत तिथे एवढी उष्णता नोंदली गेली नव्हती. हवेचं तापमान म्हणजे पाण्याचं तापमान नव्हे. पण डोंगरावर बर्फ कमी साठला की उन्हाळ्यात नदीला पाणी कमी, आणि उथळ पाणी लवकर तापतं. मासा वरच्या, थंड भागात सरकू शकतो, तोही नदी संपेपर्यंतच. हौदातल्या माशाला तेवढीही वाट नसते.

१८६४ मध्ये एका जहाजाचं पोट तीन महिने शून्य अंशाजवळ ठेवणं हे मोठं काम होतं. चार वेळा प्रयत्न करून, पैसे आणि टनावारी बर्फ ओतून ते जमलं. त्यानंतर दीडशे वर्षं ट्राउटचं बर्फघर सांभाळण्याचं काम डोंगरांवरच्या हिमाने केलं, कुणी न सांगता, फुकट. लिद्दरला पाणी देणारी कोलाहोई हिमनदी आज आक्रसते आहे. अख्ख्या नदीला पुरेल एवढा बर्फ कुठल्याही कंपनीच्या तळघरात मिळत नाही.