‘स्ट्रिंग्ज’ आज्ञावली आणि ‘वाचनीय मजकूर’ ही संकल्पना : एक ऐतिहासिक अभ्यास (१९७८ ते २०२२)

सारांश

बायनरी फाईलमधून माणसाला वाचता येईल असा मजकूर वेगळा काढणारी ‘स्ट्रिंग्ज’ ही छोटी आज्ञावली १९७८ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे लिहिली गेली आणि आजही वापरात आहे. प्रस्तुत निबंधात तिच्या जडणघडणीचा आढावा घेतला आहे. ‘वाचनीय’ या शब्दाचा तिने गृहीत धरलेला अर्थ देवनागरी मजकुराच्या बाबतीत कसा अपुरा पडतो, हे ‘मराठी’ या एकाच शब्दाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : स्ट्रिंग्ज, युनिक्स, आस्की, युनिकोड, देवनागरी, डिजिटल दस्तऐवज.

१. प्रस्तावना

पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचा रुमाल केवळ बालबोध लिपी जाणणाऱ्या वाचकासमोर उघडला, तर ‘मला ही लिपी येत नाही’ असे तो म्हणेल; ‘कागद कोरा आहे’ असे म्हणणार नाही. संगणकीय साधने मात्र हा भेद नेहमीच पाळतात असे नाही. जी लिपी त्यांना ठाऊक नाही, ती त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते. अशा साधनाने ‘काही सापडले नाही’ असे सुचविले, की वापरणारा त्याचा अर्थ ‘काही नव्हते’ असा लावून मोकळा होतो.

संगणकातील प्रत्येक फाईल ही बाइटांची मालिका असते आणि एका बाइटला ० ते २५५ अशी २५६ मूल्ये असू शकतात. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये बहुतेक बाइट अक्षरांचे असतात. बायनरी फाईलमध्ये, म्हणजे कार्यान्वित होणारी आज्ञावली, चित्र किंवा जुन्या अक्षरजुळणी प्रणालीची फाईल यांमध्ये, यंत्रसूचना, आकडे व मजकूर यांची सरमिसळ असते. या सरमिसळीतून मजकूर निवडणे हे ‘स्ट्रिंग्ज’चे काम होय. परंतु निवड म्हटली की निकष आला आणि निकष ठरविणारा माणूस व त्याचा काळही आला. म्हणूनच हा विषय केवळ तंत्रज्ञांचा न राहता इतिहासाचाही ठरतो.

२. उगम : बर्कले, १९७८

सत्तरच्या दशकात युनिक्सवर काम करणाऱ्यांसमोर एक नित्याची अडचण होती. संकलित झालेली फाईल हाती असे, पण ती कशाची व कोणत्या आवृत्तीची हे कळत नसे. या अडचणीवर दोन उपाय आधीच उपलब्ध होते. ‘फाईल’ ही आज्ञा १९७३ पासून युनिक्समध्ये होती आणि ती फाईलचा प्रकार सांगत असे. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ‘व्हॉट’ ही आज्ञा होती. लेखकाने मुद्दाम पेरून ठेवलेली एक विशिष्ट खूण ती शोधत असे. मात्र अशी खूण कोणी ठेवलीच नसेल, तर ‘व्हॉट’चा उपयोग होत नसे.

ही उणीव बिल जॉय यांनी भरून काढली. ते त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारात पदव्युत्तर विद्यार्थी होते. ‘व्हीआय’ हा संपादक आणि बर्कले युनिक्सचे वितरण यांमुळे पुढे त्यांची ख्याती झाली. ‘स्ट्रिंग्ज’च्या मूळ संहितेच्या प्रारंभी त्यांचे नाव व २२ एप्रिल १९७८ हा दिनांक नोंदविलेला आहे. ‘कचरा’ नसलेल्या वर्णांच्या सलग मालिका शोधणे ही या साधनाची रीत असल्याचे तेथेच म्हटले आहे. चारपेक्षा कमी लांबीच्या मालिका वगळल्या जात. हे साधन वस्तुतः ओबडधोबड आहे, याची प्रामाणिक कबुली बर्कलेच्या माहितीपत्रातही दिलेली आढळते.

३. निकषाचे स्वरूप

हा निकष समजून घेण्यासाठी आस्की संकेताकडे वळावे लागते. १९६३ मध्ये प्रसिद्ध होऊन १९६७ मध्ये सुधारला गेलेला हा सात-बिटांचा अमेरिकन संकेत आहे. त्यातील १२८ संकेतांपैकी ९५ संकेत, मोकळी जागा धरून, छापण्याजोगे आहेत. बाइटमधील आठवा बिट चालू असला, म्हणजेच मूल्य १२७ पेक्षा अधिक असले, की तो बाइट आस्कीच्या कक्षेबाहेर जातो. ‘स्ट्रिंग्ज’च्या दृष्टीने तो कचरा ठरतो.

किमान लांबी चारच का, याचे उत्तर साध्या संभाव्यतेत सापडते. निव्वळ यादृच्छिक बाइटांपैकी ९५/२५६, म्हणजे सुमारे ३७ टक्के बाइट योगायोगानेच छापण्याजोगे निघतात. असे चार बाइट सलग येण्याची शक्यता सुमारे १.९ टक्के असते. या हिशेबाने एक लाख यादृच्छिक बाइटांमध्ये चार किंवा अधिक लांबीच्या सुमारे १,१९० निरर्थक मालिका आढळतील. किमान लांबी आठ केली, तर त्या जेमतेम २३ उरतील. मर्यादा फार वाढविली, तर लहान पण अर्थपूर्ण शब्द गळतात; फार कमी केली, तर कचरा माजतो. चार हा आकडा म्हणजे या दोहोंमधील तडजोड होय. इंग्रजी मजकुरापुरती ती समर्पक होती, हे मान्य केले पाहिजे.

४. आठव्या बिटाचा आडोसा : १९८८

या निकषाची मर्यादा सर्वप्रथम लपविणाऱ्यांनी हेरली, असे दिसते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटवर पसरला. एमआयटी, बर्कले व अन्य ठिकाणच्या तज्ज्ञांनी त्याची उकल केली, तेव्हा त्यातील मजकूर उघड्या रूपात ठेवलेलाच नाही, असे आढळले. संकेतशब्द ओळखण्यासाठी त्याने सोबत बाळगलेल्या ४३२ शब्दांच्या यादीत तर प्रत्येक अक्षराचा केवळ आठवा बिट चालू करून ठेवला होता. एवढ्याशा बदलाने संपूर्ण यादी ‘स्ट्रिंग्ज’सारख्या साधनाच्या नजरेआड होत होती.

ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मॉरिसने जो आठवा बिट आडोसा म्हणून वापरला, त्याच बिटाच्या पलीकडच्या प्रदेशात भारतीय लिप्यांना अधिकृतपणे जागा मिळाली. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या ‘इस्की’ संकेतात आस्कीचा खालचा अर्धा भाग जसाच्या तसा ठेवून भारतीय लिप्यांची अक्षरे वरच्या अर्ध्या भागात बसविण्यात आली. ही रचना व्यवहार्य होती. एकाच फाईलमध्ये इंग्रजी व मराठी सुखाने नांदू शकत होत्या. परंतु अशा द्विभाषिक फाईलवर ‘स्ट्रिंग्ज’ चालविल्यास इंग्रजी शब्द तेवढे हाती येतात आणि मराठी मजकूर निमूटपणे गळून पडतो. काहीच न मिळण्यापेक्षा ही अवस्था अधिक फसवी आहे. कारण काहीतरी मिळाल्याच्या समाधानात राहिलेल्याची चौकशी होत नाही.

५. एक शब्द, तीन रूपे

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीचा समावेश झाला. पुढील वर्षी केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही संकेतनपद्धती तयार केली. तथापि मराठी संगणकीय लेखन एका रात्रीत युनिकोडमध्ये आले नाही. फॉन्टवर आधारलेले जुने लेखन दीर्घकाळ चालू राहिले. त्यामुळे ‘मराठी’ हा पाच संकेतांचा शब्द (म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी) निरनिराळ्या फाईलींमध्ये निरनिराळ्या रूपांत आढळतो. ग्नू प्रकल्पाच्या ‘स्ट्रिंग्ज’ला, कोणताही पर्याय न देता, तो कसा दिसतो हे पाहू.

पहिले रूप यूटीएफ-८. यात देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. म्हणजे हा शब्द १५ बाइटांचा होतो आणि त्यातील प्रत्येक बाइट १२७ पेक्षा मोठा असतो. फलित : काहीही दिसत नाही.

दुसरे रूप यूटीएफ-१६, तेही विंडोजमध्ये प्रचलित असलेल्या, कमी किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या मांडणीतले. येथे प्रत्येक संकेताचे दोन बाइट होतात आणि दुसऱ्या बाइटचे मूल्य दरवेळी ९ असते. योगायोग असा की आस्कीमध्ये ९ म्हणजे टॅब, आणि ग्नू आवृत्ती टॅबला वाचनीय मानते. पहिले बाइटही छापण्याजोगेच निघतात : ‘म’चे पूर्णविराम, ‘र’चे शून्य, कान्याचे ‘पेक्षा मोठे’ हे गणिती चिन्ह, ‘ठ’ची मोकळी जागा आणि वेलांटीचे ‘ॲट’ हे चिन्ह. फलित : मजकूर ‘सापडतो’, पण पाहणारा त्याला कचरा समजून पुढे जातो.

तिसरे रूप कृतिदेवसारख्या फॉन्टचे. येथे फाईलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरेच साठविलेली असतात. त्यांना देवनागरीचे वळण फॉन्ट देतो. ‘मराठी’साठी ई, जे, के, बी व एच ही पाच इंग्रजी अक्षरे येतात. फलित : साधन हा मजकूर बिनदिक्कत वाचनीय ठरविते, मनुष्याला मात्र तो वाचता येत नाही.

या तिन्ही उदाहरणांतून एक विपरीत स्थिती स्पष्ट होते. जे लेखन मानकानुसार शुद्ध आहे ते अदृश्य राहते आणि जे लेखन मानकाबाहेरचे आहे तेच दृश्य होते. १९७८ मधील ‘वाचनीय’ या शब्दाचा अर्थ ‘अमेरिकन टंकावर छापता येण्याजोगे’ एवढाच होता, हे येथे उघड होते.

६. सुधारणांचा क्रम

१९९२ च्या पॉझिक्स मानकाने ‘स्ट्रिंग्ज’ला स्थान दिले. कोणता वर्ण छापण्याजोगा मानावा हे वापरकर्त्याच्या भाषिक परिवेशावर सोपवून या मानकाने तत्त्वतः दार उघडले. व्यवहारात मात्र ग्नू आवृत्तीची मूळ वागणूक सात-बिटांचीच राहिली. तीत सोळा-बिटांचा पर्याय आहे; परंतु तो २५५ पेक्षा मोठे मूल्य स्वीकारत नसल्याने देवनागरीला त्याचा लाभ होत नाही. आठ-बिटांच्या पर्यायाने यूटीएफ-८ मधील मराठी दिसू लागते; पण त्याची किंमत मोठी आहे. वरचे सर्व १२८ बाइट ग्राह्य धरल्याने चार सलग यादृच्छिक बाइट ‘वाचनीय’ ठरण्याची शक्यता १.९ टक्क्यांवरून सुमारे ५८ टक्क्यांवर जाते. अशा कचऱ्यातून मराठी वाक्य हुडकणे जिकिरीचे होते.

२०१४ मध्ये या साधनाविषयीचा एक वेगळाच समज ढळला. ग्नू आवृत्ती तोवर ओळखीच्या स्वरूपाच्या आज्ञावलींची अंतर्गत रचना उलगडून त्यातील ठरावीक विभागच तपासत असे. मुद्दाम बिघडविलेली फाईल देऊन या उलगडण्याच्या प्रक्रियेतच दोष निर्माण करता येतो, हे मिखाल झालेव्स्की यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये दाखविले. ज्या साधनाने संशयित फाईल ‘नुसती पाहायची’, त्याचे पाहणेच धोक्याचे ठरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या बायन्युटिल्स २.२५ या आवृत्तीत संपूर्ण फाईल सरसकट वाचणे ही मूळ वागणूक करण्यात आली.

देवनागरीच्या दृष्टीने उपयुक्त बदल २०२२ मध्ये झाला. फेब्रुवारी २०२२ च्या २.३८ या आवृत्तीत यूटीएफ-८ मधील बहुबाइट वर्ण ओळखून ते परिवेशानुसार दाखविण्याचा पर्याय आला. त्याआधी काही महिने, २०२१ मध्ये, निकोलस बाउचर व रॉस अँडरसन यांनी युनिकोडमधील नियंत्रक वर्णांच्या साहाय्याने मूळ संहितेत फसवणूक कशी करता येते हे मांडले होते. हा कालक्रम पाहता, बिगर-इंग्रजी वर्णांकडे लक्ष गेले ते वाचकाच्या गरजेपेक्षा संशयापोटी, असे म्हणण्यास जागा आहे. शिवाय हा पर्याय आजही मागावा लागतो. तो आपोआप लागू होत नाही.

७. निष्कर्ष

‘स्ट्रिंग्ज’चा इतिहास हा एका गृहीतकाच्या दीर्घायुष्याचा इतिहास आहे. बिल जॉय यांनी आपल्या यंत्रासाठी व आपल्या भाषेसाठी एक उपयुक्त साधन रचले. त्यात दोष शोधण्याचे कारण नाही. दोष आहे तो हे साधन सार्वत्रिक मानून त्याचा निर्णय अंतिम समजण्यात.

याचे परिणाम आपल्या दाराशी आहेत. अनेक महाविद्यालयांची नियतकालिके, स्मरणिका व प्रबंध नव्वदच्या दशकातील फ्लॉपी आणि सीडींवर, मूळ प्रणाली उपलब्ध नसलेल्या फाईलींमध्ये अडकून आहेत. अशी फाईल तपासून ‘यात मजकूर नाही’ असा शेरा मारला गेला, तर ती टाकून दिली जाण्याचा संभव असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना पुराव्याचे स्थान आहे. तेथे न सापडलेल्या मराठी वाक्याची किंमत एखाद्या व्यक्तीला मोजावी लागू शकते.

म्हणून तपासणीच्या नोंदीत दोन गोष्टी असणे अगत्याचे आहे. फाईल कोणकोणत्या संकेतनांत तपासली, हे लिहावे. निरर्थक भासणारा इंग्रजी अक्षरांचा मजकूर आढळल्यास तो फॉन्टबद्ध मराठी आहे काय, हे ताडून पाहावे. ‘काही सापडले नाही’ या वाक्याला ‘कोणत्या लिपीत शोधले’ याची जोड मिळाली, तरच ते वाक्य संशोधनाच्या कसोटीला उतरेल. मोडी न जाणणाऱ्या वाचकाचा प्रामाणिकपणा यंत्राच्या अंगी नसल्याने तो यंत्र वापरणाऱ्यानेच अंगी बाणविला पाहिजे.